चिखलातल्या शर्यतीसाठी फ्रेम कशाची घ्यावी?

प्रश्न: नमस्कार दादा. मी ऐरोलीला राहते, वय २६, वजन ५६ किलो. काही वर्षांपासून रोड बाइक चालवते. गेल्या पावसाळ्यात आम्ही आठ-दहा जणांनी खारघरच्या एका मोकळ्या मैदानावर सायक्लोक्रॉसचा ट्रॅक आखला आणि रविवारी सकाळी शर्यती सुरू केल्या. सायकल उचलून ओलांडायच्या फळ्या, चढ, चिखल, सगळं आहे. आतापर्यंत मैत्रिणीची सायकल मागून चालवली, आता स्वतःची घ्यायची आहे. सव्वा लाख साठवलेत, पण फ्रेमवर घोडं अडलंय. बाबा म्हणतात लोखंडाचीच घे, त्यांची ॲटलस तीस वर्षं टिकली. दुकानदार म्हणतो ॲल्युमिनियम नको, फार कडक असतं, पाठीची वाट लागेल. आणि ग्रुपमधला एक जण त्याची दोन वर्षं वापरलेली कार्बनची सायकल नव्वद हजारांत देतोय. सायकल आमच्या खाडीकडच्या गॅलरीत राहणार. काय करू? – चिखलवेडी, ऐरोली

उत्तर: ॲल्युमिनियमची घे, पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा असलेली. उरलेले पैसे टायरांत घाल. तिघं तुला तीन गोष्टी सांगताहेत आणि प्रत्येकाचं म्हणणं कुठल्या ना कुठल्या सायकलच्या बाबतीत खरंही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुकानदार. ‘ॲल्युमिनियम कडक’ हे वाक्य सायकलच्या दुकानांत सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सायक्लोक्रॉसच्या सायकलीला ते सगळ्यात कमी लागू पडतं. ते आलं कुठून ते बघ. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, आणि ताठपणाही एक तृतीयांशच. पोलादाच्या मापाची नळी ॲल्युमिनियमची केली तर हलकी होईल, पण पेडलवर उभी राहिलीस की लवेल. म्हणून कारखानदार नळीचा व्यास वाढवतात. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर नळी साधारण आठपट ताठ होते. ॲल्युमिनियमच्या फ्रेम लठ्ठ दिसतात त्या यामुळे. १९८० आणि ९०च्या दशकांत अशा लठ्ठ नळ्यांच्या रोड बाइक आल्या, त्यांच्यावर वीस-तेवीस मिलिमीटरचे टायर आणि त्यांत शंभराच्या वर पीएसआय हवा. रस्त्यातला प्रत्येक खडा मनगटापर्यंत पोचायचा. बदनाम झालं ते ॲल्युमिनियम.

तुझ्या सायकलचा हिशेब पूर्ण वेगळा आहे. यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, नियमानुसार सायक्लोक्रॉसच्या शर्यतीत टायर जास्तीत जास्त ३३ मिलिमीटरचा चालतो. तुझ्या वजनाला तो ट्यूबलेस बसवून २२ ते २५ पीएसआयवर चालवायचा. इतक्या कमी हवेचा टायर अंगठ्यानं दाबला तरी आत जातो. फ्रेम मात्र दोन त्रिकोणांची असते, आणि त्रिकोण उभ्या दिशेनं दबत नाही, मग तो पोलादाचा असो, कार्बनचा असो की टायटॅनियमचा. मुळांवरून, दगडांवरून जाताना जे काही दबतं ते जवळजवळ सगळं टायरमध्ये दबतं. हवा दोन-तीन पीएसआयनं कमी कर, पाठीला जेवढा फरक जाणवेल तेवढा फ्रेमचा धातू बदलून जाणवणार नाही. फ्रेममधून आणखी थोडा आराम हवा असेल तर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, २७.२ मिलिमीटर व्यासाची बसते का ते विचार. बारीक आणि बाहेर बरीच निघालेली सीटपोस्ट मागच्या बाजूला थोडी लवते, आणि पाठीला खरी मदत तिथे होते. जाड सीटपोस्ट असलेली फ्रेम कितीही भारी असली तरी हे सुख देत नाही.

सायक्लोक्रॉसवाल्यांनी ॲल्युमिनियम रोडवाल्यांच्या बरंच आधी आपलंसं केलं होतं. १९७२ मध्ये इटलीत सुरू झालेल्या ॲलन कंपनीच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडांमध्ये आटे पाडून आणि चिकटवून बसवलेल्या असत, वेल्डिंग नव्हतंच. बेल्जियम-हॉलंडच्या चिखलात या फ्रेम पुढे कित्येक वर्षं धावल्या. तिथल्या खेळाडूंना त्या का आवडल्या हे तुला तुझा खांदाच सांगेल.

या खेळात सायकल जेवढी चालवायची असते तेवढीच उचलायचीही असते. फळी आली की उतर, उचल, पलीकडे ठेव, बस. नियमाप्रमाणे फळ्या ४० सेंटीमीटरपर्यंत उंच असतात, दोन, एकमेकींपासून चार मीटरवर. तुमच्या ट्रॅकवर उंची कमी असेल तर वाढवा, म्हणजे सवय चुकीची लागणार नाही. लांब चढावर तर सायकल खांद्यावर टाकून पळावं लागतं. साधारण बोलायचं तर कार्बनची फ्रेम एक किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमची दीड, पोलादाची दोन किंवा त्याहून जास्त. पूर्ण सायकलच्या वजनात कार्बन आणि ॲल्युमिनियममधला अर्धा किलो फार नाही. टायर आणि फोर्कच्या मधे चिखल अडकून बसला की तेवढं वजन एका फेरीत चढतं. म्हणून वजनाच्या आकड्यापेक्षा मी दोन गोष्टी आधी बघेन: चिखल निसटून जायला जागा किती, आणि वरच्या दांडीची खालची बाजू कशी आहे. चांगल्या क्रॉस फ्रेमची दांडी खालून चपटी केलेली असते आणि गिअर-ब्रेकच्या केबली तिच्या वरून किंवा आतून नेलेल्या असतात. खालून केबल जाणारी सायकल खांद्यावर घेऊन चढ पळून बघ, दुसऱ्या दिवशी गळपट्टीच्या हाडावर वळ दिसेल.

आता बाबांचं म्हणणं, ते हसण्यावारी नेऊ नकोस. पोलादात एक गुण आहे जो ॲल्युमिनियममध्ये नाही. ठरावीक मर्यादेच्या आतला ताण पोलाद कितीही वेळा सोसतं, थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, प्रत्येक धक्का कुठेतरी जमा होत राहतो. म्हणून चांगला कारखानदार ॲल्युमिनियमची फ्रेम गरजेपेक्षा बरीच भक्कम बनवतो, आणि म्हणूनच तीस वर्षांची गोष्ट निघाली की बाबा जिंकतात. फक्त ॲटलस आणि आजची पोलादी शर्यतीची फ्रेम यांच्यात धातूपलीकडे फारसं काही समान नाही. ॲटलसच्या नळ्या जाड पत्र्याच्या. शर्यतीच्या फ्रेममधली नळी टोकांना ०.८ मिलिमीटर आणि मधे ०.५ मिलिमीटर अशी असू शकते, काही त्याहूनही पातळ. वजन कमी होतं ते तिथे. आणि गंज लागला तर अर्ध्या मिलिमीटरमधलं खाऊन काय उरणार?

तुझी गॅलरी खाडीकडे आहे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर, इकडे ठाणे-कळवा, खाडीकाठच्या घरांत ग्रिलचा रंग किती दिवस टिकतो हे तुम्ही सगळे बघताच. त्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तू नेमकी त्याच चार महिन्यांत सायकल चिखलात घालणार. पोलादी फ्रेम बाहेरून गंजली तर दिसते तरी. ती आतून गंजते. मागच्या चाकानं उडवलेलं पाणी सीटपोस्टच्या फटीतून आत शिरतं, खाली पेडलच्या बेअरिंगपाशी साचतं, आणि वरून रंग चकचकीतच राहतो.

तरीही मन लोखंडावरच बसलं असेल तर त्यालाही मार्ग आहे. नवीन फ्रेमला आतून तेलाचा थर द्यायचा. हार्डवेअरच्या दुकानात रंगकामासाठी बॉइल्ड लिनसीड ऑइल मिळतं, म्हणजे लवकर वाळावं म्हणून प्रक्रिया केलेलं जवसाचं तेल. ते नळ्यांत ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, जास्तीचं काढून टाकायचं आणि काही दिवस वाळू द्यायचं. तेल हवेनं घट्ट होऊन आत पातळ कातडं धरतं. स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल चालणार नाही, ते फार दिवस चिकट राहतं. आणि तेलानं भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून टाक. शिवाय प्रत्येक ओल्या शर्यतीनंतर सीटपोस्ट काढून सायकल उलटी करायची. हे सगळं वर्षानुवर्षं करणार असशील तर पोलाद घे, सुंदर फ्रेम असते. नोकरी सांभाळून, लोकलनं जा-ये करून रविवारी संध्याकाळी हे होईल का, ते तुझं तू ठरव.

‘लोखंडाची फ्रेम कुठेही जोडून मिळते’ असंही घरी ऐकशील. वागळे इस्टेटमध्ये ग्रिल-शटर करणारा कारागीर कितीही हुशार असला तरी अर्ध्या मिलिमीटरच्या नळीवर त्याच्या मशीननं भोकच पडेल. त्या कामाला फ्रेम बांधणाराच लागतो.

ग्रुपमधल्या कार्बनच्या सायकलबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. कार्बन वाईट म्हणून नाही. जगातले अव्वल खेळाडू कार्बनवरच धावतात, नेदरलंड्सचा मॅथ्यू व्हान डेर पूलसुद्धा कार्बनच्याच सायकलवर सायक्लोक्रॉसचा जगज्जेता झाला. पण त्यांची शर्यत कशी चालते ते बघ. ट्रॅकवर पिट, म्हणजे सायकल बदलायची जागा, असतो, चिखल फार असेल तर खेळाडू अर्ध्या-अर्ध्या फेरीला सायकल बदलतो, आणि तो एक चालवत असताना मेकॅनिक दुसरी धुऊन, तपासून तयार ठेवतो. चिखल साचायला आणि घासायला वेळच मिळत नाही. फ्रेमला काही झालं तर कंपनी दुसरी देते. तुझ्याकडे सायकल एक आणि बादली एक.

कार्बनला चिखलाचा त्रास दोन प्रकारे होतो. पहिला म्हणजे पडणं. कार्बनचे धागे ज्या दिशेनं घातलेत त्या दिशेच्या ताणाला ते जबरदस्त असतात, पण दगडावर आडवा फटका बसला की आतले थर सुटतात आणि वरून फक्त एक ओरखडा दिसतो. ॲल्युमिनियमला खड्डा पडतो, तो डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो. या खेळात पडणं रोजचंच, म्हणून इजा दिसणं ही मोठी सोय आहे. दुसरा त्रास फारसं कोणी सांगत नाही. आपल्याकडचा चिखल म्हणजे नुसती माती नव्हे, त्यात मुरूम असतो, झिजलेल्या काळ्या दगडाची कच. टायर आणि मागच्या दांड्यांच्या मधली जागा कमी असेल तर ही कच तिथे अडकते आणि चाकाचा प्रत्येक फेरा कानशीसारखा त्या दांडीवर घासतो. रंग जातो, मग धागे धरून ठेवणारी राळ, मग धागे. तासाभराच्या एका शर्यतीत काही होत नाही, दोन पावसाळ्यांत होऊ शकतं.

म्हणून त्या मित्राला सांग, चाकं काढून दे, सीटपोस्ट काढून दे, फोर्क सैल करून बाहेर काढू दे. मागच्या दोन्ही दांड्यांची आतली बाजू, टायरच्या उंचीला, कापडानं पुसून टॉर्चच्या उजेडात बघ. खरबरीत, राखाडी, धागे दिसणारा पट्टा असेल तर विषय संपला. फोर्कची नळी जिथे वरच्या बेअरिंगमधून जाते आणि जिथे खाली फोर्कच्या दोन पायांना मिळते तिथे नखानं चाचप. नाण्यानं सगळीकडे हलकेच टकटक कर, एखाद्या जागी आवाज बसका आला तर शंका घे. आवाज सगळीकडे सारखा आला म्हणून फ्रेम शाबूत आहे असंही नाही. आणि खाडीचा भाग इथेही आहेच: कार्बन गंजत नाही, पण त्यात बसवलेले ॲल्युमिनियमचे भाग खाऱ्या ओलाव्यात कार्बनला टेकून राहिले तर भराभर खराब होतात. ॲल्युमिनियमची सीटपोस्ट कार्बनच्या फ्रेममध्ये कायमची अडकलेली अशीच सापडते. ती फिरते का, एवढं तरी बघूनच ये. तो सायकल उघडून दाखवायला तयार नसेल तर नव्वद हजार काय, निम्म्या किमतीतही घेऊ नकोस. मैत्री राहू दे, व्यवहार नको.

टायटॅनियमचं नाव तू काढलं नाहीस, बरं केलंस. गंजत नाही, थकत नाही, रंगही लागत नाही, तुझ्या गॅलरीला अगदी योग्य. पण नुसती फ्रेमच तुझं सगळं बजेट खाईल.

आता दुकानात काय बघायचं. धातूच्या क्रमांकावर डोकं घालवू नकोस. ६०६१ मिश्रधातूला वेल्डिंगनंतर पूर्ण उष्णता-प्रक्रिया द्यावी लागते, ७००५ ला साधी मुरवणी पुरते. नावाजलेल्या कंपनीची असेल तर दोन्ही उत्तम. पेडलच्या बेअरिंगचं बॉटम ब्रॅकेट मात्र आट्यांचं असलेलंच घे, दाबून बसवलेलं नको. चिखल गेला की दाबून बसवलेलं करकरायला लागतं आणि ते काढायला खास अवजारं लागतात. आट्यांचं कुठलाही बरा मेकॅनिक बदलून देईल. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या कानावर टांगलेला असतो तो हँगर बदलता येणारा हवा, आणि सायकल घेतानाच तसा एक जादा मागून घे. गवतात लपलेली एक काटकी तो वाकवायला पुरेशी असते, आणि तुझ्या मॉडेलचा हँगर ऐन जुलैत शोधत फिरावं लागू नये. दोन्ही चाकांना थ्रू-ॲक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड आस, आणि डिस्क ब्रेक. पॅड मात्र मेटलचे टाकून घे. मुरमाच्या चिखलात रेझिनचे पॅड एका सकाळीत संपलेले मी बघितलेत.

खास सायक्लोक्रॉसची सायकल आपल्याकडे सहज मिळत नाही, दुकानदार बहुधा ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, पुढे करेल. तुमच्या रविवारच्या शर्यतीला ती चालेल. ती थोडी लांब असते, पेडल जरा खाली असतात, त्यामुळे अरुंद वळणांवर जड वाटेल. पण टायरला जागा जास्त मिळते, आणि खारघरला ३३चा नियम मोजायला कोणी उभं नाही. ३८चा टायर टाक, बिनधास्त.

पैशांचं असं कर: सव्वा लाखातले पंधरा-वीस हजार बाजूला ठेव. त्यातून दोन चांगले चिखलाचे टायर, म्हणजे दूर-दूर उंच गुट्ट्या असलेले, ट्यूबलेसचं सामान, दोन्ही बाजूंनी पाय अडकवता येणारी पेडल आणि कमी हवा मोजणारा गेज. पंपावरचा काटा वीस-पंचवीस पीएसआयच्या आसपास भरवशाचा नसतो. ट्यूबच वापरणार असशील तर हवा दहाएक पीएसआय जास्त ठेव, नाहीतर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होईल.

गॅलरीतल्या सायकलला थोडं जप. शर्यतीनंतर गाडी धुण्याच्या केंद्रावर नेऊन प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नकोस, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. बादली, ब्रश, साधा साबण, मग कोरडं फडकं आणि चेनला तेल. महिन्यातून एकदा सीटपोस्ट बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसव. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रूही तसेच, कारण पोलादी स्क्रूला टेकलेलं फ्रेमचं ॲल्युमिनियम खाऱ्या हवेत खाल्लं जातं. रंगाखाली फोड किंवा पांढरी भुकटी दिसली तर तिथे लक्ष ठेव. धुताना पुढच्या जोडावर, जिथे तिरकी नळी हँडलखालच्या नळीला मिळते, आणि खाली पेडलपाशी वेल्डिंगच्या कडेनं बोट फिरव. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि पुढच्या आठवड्यात ती लांबली, तर सायकल चालवणं थांबवून दुकानात ने. ॲल्युमिनियम सहसा अशी सूचना देतं.

एक विनंती. सरावासाठी येऊरच्या पायवाटांवर जाऊ नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचं घर आहे. खारघरलाही मैदानातच राहा, पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याकडच्या ओढ्यांचं पाणी बघता बघता वाढतं.

सायकल पसंत पडली की दुकानातच खांद्यावर टाकून जिना चढून बघ, दुकानदाराला काय वाटेल याचा विचार करू नकोस. मग मागचं चाक आणि दांडी यांच्या मधे पट्टी धरून फोटो काढ. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर मोकळी जागा दिसली पाहिजे. ॲडव्हान्स देण्याआधी तो फोटो मला पाठव.